न मोजलेले चेंडू

नगर जिल्ह्यात बेसबॉल खेळतात असे सांगितले, तर अजूनही पुष्कळांचा विश्वास बसत नाही. जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले तरी लोकांच्या तोंडी नगरच आहे, तसे चेंडू आणि बॅट म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे क्रिकेटच येते. पण महाविद्यालयांच्या मैदानांवर सॉफ्टबॉल आणि बेसबॉल बरीच वर्षे रुजलेले आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा कारभार पुणे, नगर आणि नाशिक या जिल्ह्यांत पसरलेला आहे. क्रीडास्पर्धांसाठी त्याचे पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक असे विभाग पडतात. आधी महाविद्यालयांच्या आपसांतल्या स्पर्धा, मग विभागांच्या, आणि त्यातून निवडलेला संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेला. ही शिडी चढणारी मुले बहुधा शेतकऱ्यांच्या, एसटी कामगारांच्या किंवा छोट्या दुकानदारांच्या घरची असतात. त्यांतल्या अनेकांनी बेसबॉलचा सामना टीव्हीवरही कधी सलग पाहिलेला नसतो.

अशा प्रत्येक संघात एक ‘दादा’ असतो. पदवीची तीन वर्षे संपवून तो एम.ए.ला किंवा बी.पी.एड.ला आलेला असतो. संघातून खेळण्याचे त्याचे हे पाचवे किंवा सहावे वर्ष. आंतरविद्यापीठ स्पर्धेत पंचविशीच्या आतलेच खेळाडू उतरू शकतात, त्यामुळे पुढच्या वर्षी आपण संघात नसू हे त्याला पक्के ठाऊक असते. नवी पोरे ग्लोव्ह कसा घालायचा हे त्याच्याकडून शिकतात. क्रीडाशिक्षक एकच असतात आणि त्यांच्याकडे कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे असते, तेव्हा सरावाची जबाबदारीही आपसूक दादावर येते. हा कोणी एक मुलगा नव्हे. संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, पाथर्डी, कुठल्याही तालुक्याच्या गावी तो सापडेल. मुलींच्या संघात त्याच जागी ‘ताई’ असते. या लेखाचा विषय आहे दादाचा उजवा हात, आणि त्या हाताने वर्षभरात केलेले, कुणीही न मोजलेले काम.

दिवस मोजून पाहू. पहाटे पाचला पोलीस भरतीचा सराव. भरतीच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर आणि १०० मीटर धावण्याबरोबर गोळाफेक असते, आणि पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा. सकाळी पंधरा-वीस वेळा गोळा टाकून झाला की आंघोळ, तास, आणि ‘कमवा व शिका’ योजनेतले काम असेल तर ग्रंथालयात पुस्तकांचे गठ्ठे किंवा बागेत झारी. चार वाजता बेसबॉल. आधी अंग मोकळे करायला पन्नासेक चेंडू, मग पिचर म्हणून सराव, मग नव्या पोरांना बॅटिंग यावी म्हणून त्यांना चेंडू टाकणे. यंत्र नसते, दादाच यंत्र. एखादे दिवशी कॅचर आला नाही तर तिथेही दादाच बसतो, आणि पिचरकडे प्रत्येक चेंडू परत फेकतो. रविवारी गावात टेनिस बॉलचे सामने असतात. तिथे तो सीमारेषेवरून थेट यष्टीवर फेकतो म्हणून प्रसिद्ध असतो. सुट्टीत घरी गेला की कांद्याच्या गोण्या उचलायला भाऊ वाट पाहत असतो.

संध्याकाळी त्याला विचारले, आज किती फेकी झाल्या, तर तो सांगेल, “फार नाही, चाळीस.” पिचर म्हणून टाकलेले चाळीस, एवढेच त्याच्या हिशेबात असतात. खांद्याच्या हिशेबात ते दीडशे-दोनशे असतात.

हा फरक फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये संशोधकांनी शाळकरी पिचर मुलांचे सामन्याच्या दिवशीचे सगळे चेंडू मैदानाशेजारी उभे राहून मोजले. अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. सामन्यात अधिकृतपणे मोजल्या गेलेल्या चेंडूंखेरीज अंग गरम करतानाचे आणि दोन डावांच्या मधले चेंडू धरले, तेव्हा एकूण फेकींतल्या सुमारे ४२ टक्के फेकी कुठल्याच नोंदीत नव्हत्या. तिथे प्रत्येक संघाजवळ चेंडू मोजणारा माणूस असतो. आपल्याकडे तो नसतो, म्हणजे न मोजलेल्याचे प्रमाण किती असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता एका फेकीत होते काय ते पाहू. बेसबॉलचा चेंडू साधारण १४५ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलकाच. पिचर उभा असतो तिथून होम प्लेटपर्यंतचे अंतर १८.४४ मीटर, क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा कमी. मग क्रिकेटपेक्षा खांद्याला त्रास कमी व्हायला हवा, असे वाटेल. तसे होत नाही. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला धावत येता येते आणि कोपर सरळ ठेवावे लागते. बेसबॉलचा पिचर जागेवरून फेकतो आणि कोपर वाकवून फेकतो. धाव नसल्यामुळे सगळा वेग शरीराच्या पिळातून काढावा लागतो. पाय पुढे पडतो, कंबर फिरते, मग छाती फिरते, आणि या सगळ्यात हात मुद्दाम मागे राहतो. आसूड मारताना मूठ पुढे जाते आणि वादी मागून येते, तसे. शेवटी तो साठलेला पीळ सुटतो आणि खांदा आतल्या बाजूला फिरतो. कसलेल्या पिचरचा खांदा त्या क्षणी सेकंदाला सात हजार अंशांहून अधिक वेगाने फिरतो. हात तसाच फिरत राहू शकला असता, तर एका सेकंदात वीसेक फेऱ्या झाल्या असत्या. मानवी शरीराची याहून जलद हालचाल दुसरी मोजली गेलेली नाही.

हे कौशल्य फार जुने आहे. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानुसार, जोराने आणि नेमके फेकण्यासाठी लागणारी खांद्याची व कमरेची ठेवण माणसाच्या पूर्वजांत सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी एकत्र आली. चिंपांझी माणसापेक्षा ताकदवान असतो, पण फेकण्याच्या बाबतीत शाळकरी मुलगाही त्याला सहज हरवतो. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारा, किंवा चिंचेच्या शेंड्यावरचा आकडा एका दगडात पाडणारा पोरगा याच वारशाचा धनी आहे. फक्त आपले पूर्वज शिकारीला दिवसातून दोनशे वेळा भाला फेकत नसावेत.

पीळ सुटण्याआधीचा क्षण कोपराच्या जिवावर बेततो. खांदा पूर्ण मागे वळलेला आणि कोपर बाहेरच्या बाजूला उघडू पाहत असते. ते उघडू नये म्हणून आतल्या बाजूला एक छोटा, बोटाएवढाही रुंद नसलेला अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट असते. मोठ्या पिचरांच्या मोजमापांत या क्षणी कोपरावर येणारा पीळ ६४ न्यूटन-मीटरच्या आसपास भरला. सोप्या भाषेत, तळहाताला वीस-बावीस किलोचे ओझे टांगून कोपर बाजूला वाकवू पाहावे तेवढा. प्रयोगशाळेत हा अस्थिबंध एकटा ताणून पाहिला, तर तो याच्या निम्म्याच्या आसपासच तुटतो. मग प्रत्येक फेकीला तो तुटत का नाही? कारण हाताचे स्नायू त्याच वेळी आवळून ओझे वाटून घेतात. हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्नायू ताजे असतील तर ते वाटा उचलतात. स्नायू दमले की सगळा भार त्या चिंचोळ्या पट्टीवर येतो, आणि अस्थिबंधाला स्नायूसारखा थकवा जाणवत नाही, तो सरळ झिजतो.

म्हणूनच दमलेल्या हाताने टाकलेला चेंडू आणि ताज्या हाताने टाकलेला चेंडू यांना एकच मोजता येत नाही. कोपरावर किंवा खांद्यावर शस्त्रक्रिया करावी लागलेल्या तरुण पिचरांची तुलना धडधाकट पिचरांशी करणारा एक अमेरिकी अभ्यास २००६ साली आला. हात दमलेला असतानाही नियमित पिचिंग करणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट आढळली. वर्षातले आठ महिन्यांहून अधिक काळ पिचिंग करणाऱ्यांत ती पाचपट होती. दादा वर्षाचे बारा महिने काही ना काही फेकतच असतो.

या झिजेवर शस्त्रक्रिया आहे, आणि तिची गोष्टही खेळाइतकीच विलक्षण आहे. १९७४ साली लॉस एंजेलिसच्या संघातला डावखुरा पिचर टॉमी जॉन याच्या कोपरातला हा अस्थिबंध तुटला. तोवर याचा अर्थ खेळ संपला असाच होता. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या मनगटाजवळचा एक स्नायुबंध काढला आणि डाव्या कोपरात हाडाला भोके पाडून त्यांतून ओवला. यश येण्याची शक्यता शंभरात एक, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. टॉमी जॉन १९७६ मध्ये मैदानात परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या नावावरच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. ज्या स्नायुबंधाचा त्यासाठी उपयोग झाला तो आपल्यापैकी बहुतेकांना दिसू शकतो. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट किंचित आत वाकवा, मनगटाच्या मधोमध दोरीसारखा उठून दिसतो तो. काही जणांच्या हाताला तो जन्मतःच नसतो, आणि त्यांचे त्यावाचून काही अडत नाही. म्हणून तर तो काढून दुसरीकडे वापरता येतो.

पण या गोष्टीचा चुकीचा अर्थ लागतो. कोपर तुटले तर दुरुस्त करून मिळते, असे तरुणांना वाटू लागते. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा सामन्यात पिचिंग करायला बारा ते अठरा महिने लागतात, आणि या काळात रोज तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्यायाम लागतो. अमेरिकेतल्या क्लबला हे परवडते. जपानचा शोहेई ओतानी याच्या कोपरावर २०१८ आणि २०२३ अशा दोनदा शस्त्रक्रिया झाल्या. २०२४ मध्ये त्याने एकही चेंडू न टाकता केवळ फलंदाज म्हणून ५४ होम रन काढले, आणि पिचर म्हणून तो थेट २०२५ मध्ये उभा राहिला. दादाकडे अठरा महिने नसतात. त्याच्याकडे एक मोसम असतो.

आपल्याकडचेच उदाहरण हवे असेल तर नीरज चोप्राचे आहे. कोपराच्या आतल्या अस्थिबंधाच्या या दुखापतीचे पहिले वर्णन, १९४६ सालचे, बेसबॉलपटूंचे नव्हे तर भालाफेकपटूंचे आहे. फेक तीच, वस्तू वेगळी. नीरजच्या उजव्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्याने सोडली. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत त्याने ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक घेतले, ते सगळ्यांना पाठ आहे. मधले रिकामे महिने मात्र कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. भालाफेकीतून बेसबॉलकडे गेलेले भारतीयही आहेत. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन मुलांनी २००८ मध्ये एका स्पर्धेतून निवड होईपर्यंत बेसबॉल हातात धरलेला नव्हता. दोघांशी पिट्सबर्ग पायरेट्सने करार केला. रिंकू काही वर्षे तिथल्या खालच्या श्रेणींत खेळला, पुढे दुखापतींनी त्याचे मोसम खाल्ले आणि तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

उशिरा सुरुवात हा आपल्या खेळाडूंचा खास प्रश्न आहे. जे मूल नऊ-दहा वर्षांचे असल्यापासून फेकते, त्याच्या दंडाचे हाड वाढीच्या वयातच त्या कामाला जुळवून घेते. दंडाच्या हाडाला किंचित वेगळा पीळ राहतो, त्यामुळे हात अधिक मागे जाऊ शकतो. हाड जाडही होते. व्यावसायिक बेसबॉलपटूंच्या दोन्ही दंडांची तुलना केली, तेव्हा फेकणाऱ्या हाताच्या हाडाची पीळ सहन करण्याची ताकद दुसऱ्या हाताच्या जवळपास दुप्पट निघाली. खेळ सोडून कित्येक दशके झाल्यावरही त्या जाडीतला निम्मा फायदा टिकून होता. तरुणपणी केलेला व्यायाम म्हातारपणी हाडात सापडतो, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा क्वचितच मिळेल. पण अठराव्या वर्षी महाविद्यालयात येऊन ज्याने पहिल्यांदा पिचिंग सुरू केले, त्याच्या हाडांची वाढ जवळपास पूर्ण झालेली असते. हाडाला पीळ देऊन जुळवून घेण्याचे वय निघून गेलेले. मग जुळवून घेण्याचे काम खांद्याची पिशवी, अस्थिबंध आणि स्नायू यांच्यावर पडते. चिंचा पाडून आणि क्रिकेट खेळून थोडी शिदोरी बांधलेली असते, एवढेच.

इथे जपानमधली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यातला नायक शेतीशाळेचा विद्यार्थी होता. जपानमध्ये शाळांची राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा दर उन्हाळ्यात कोशिएनच्या मैदानावर होते आणि सारा देश ती पाहतो. २०१८ साली अकिता या ग्रामीण प्रांतातल्या कानाआशी कृषी विद्यालयाचा संघ अंतिम फेरीत पोहोचला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरातल्या एखाद्या शाळेने देशाची अंतिम फेरी गाठावी, तसे. संघाचा पिचर होता कोसेई योशिदा. भर ऑगस्टच्या उन्हात सहा सामन्यांत त्याने ८८१ चेंडू टाकले. अंतिम सामन्यात ओसाकाच्या बलाढ्य शाळेने त्याला झोडपले आणि सामना १३–२ असा गेला. देशाने त्याला डोक्यावर घेतले, पण डॉक्टर आणि काही जुने खेळाडू विचारू लागले की हे कौतुक आहे की छळ. अखेर २०२० पासून जपानच्या शालेय महासंघाने एका पिचरला आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा घातली. ५०० हाही मोठाच आकडा आहे, पण निदान आकडा आहे.

अमेरिकेत २०१४ पासून वयाप्रमाणे आखलेली मार्गदर्शक तत्त्वे आहेत. १९ ते २२ या वयाच्या पिचरने एका दिवशी सामन्यात १२० च्या वर चेंडू टाकू नयेत. ३० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकता येतात. ३१ ते ४५ झाले तर एक दिवस विश्रांती, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ८० ला तीन, आणि त्याच्या वर चार किंवा अधिक. पिचरने त्याच दिवशी कॅचर म्हणून खेळणेही टाळावे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या स्पर्धा तीन-चार दिवसांत उरकाव्या लागतात, संघाकडे कामाचे पिचर दोनच असतात, हे मान्य. पण आपल्याकडचे खरे नुकसान त्या चार दिवसांत होत नाही. ते आधीच्या तीनशे दिवसांत होते. तिथे वेळापत्रक कुणाच्याही आड येत नाही.

उदाहरणार्थ गोळाफेक. भरतीची तयारी सोडा, असे कुठलाही शहाणा डॉक्टर सांगणार नाही. ती नोकरी त्या घराला हवी असते. पण ज्या दिवशी संध्याकाळी पिचिंग आहे त्या दिवशी सकाळी गोळा नको, धावणे ठेवा, आणि गोळ्याच्या दिवशी संध्याकाळी फक्त क्षेत्ररक्षणाच्या हालचाली व बॅटिंग, एवढी अदलाबदल करायला पैसा लागत नाही. नव्या पोरांना बॅटिंगसाठी चेंडू टाकण्याचे काम चौघांत वाटून घेतले, तर दादाच्या आठवड्यातल्या शे-दोनशे फेकी सहज वाचतात. आणि ती चार पोरे पिचिंगही शिकतात.

आता दुखण्याविषयी. खांद्याच्या मागच्या बाजूला फेकल्यानंतर एक-दोन दिवस जड वाटणे वेगळे. हात पुढे गेल्यावर त्याला थांबवण्याचे काम खांद्यामागचे स्नायू करतात, आणि त्या क्षणी हात सांध्यातून ओढला जाऊ नये म्हणून सुमारे शंभर किलो वजनाएवढ्या बळाने तो आत खेचून धरावा लागतो. ते स्नायू दुखणारच, आणि दोन दिवसांत ते शमते. कोपराच्या आतल्या बाजूचे दुखणे मात्र कधीही ‘नेहमीचे’ समजू नये. तिथे बोटाने दाबल्यावर ठणका लागणे, चेंडूचा वेग किंवा नेम कारण नसताना कमी होणे, करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येणे, यांपैकी एक जरी असेल तरी फेकणे त्या दिवशी थांबवायचे. कोपर आपटल्यावर ज्या नसेमुळे झिणझिण्या येतात, ती नस त्या अस्थिबंधाच्या अगदी शेजारून जाते. फेकताना ‘कट्’ असा आवाज येऊन कोपरात सुरी लागल्यासारखे झाले, तर हाडांच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जायचे, स्पर्धा असो वा नसो. जिल्हा रुग्णालयात अस्थिरोग विभाग असतो. तिथे हे दाखवायला लाज वाटण्याचे कारण नाही.

दादा ते दाखवत नाही. यात तो अडाणी नसतो, त्याचा हिशेब असतो. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. कुठल्या स्पर्धेतली कुठली कामगिरी कुठल्या पदाला चालते याचे नियम किचकट आहेत, पण घरच्यांच्या मनात सर्टिफिकेट म्हणजे नोकरी असे घट्ट बसलेले असते. पाच वर्षे वडिलांनी बूट घेऊन दिले, एसटीचा पास काढून दिला. आता शेवटच्या वर्षी निवड चाचणीच्या आधी ‘सर, कोपर दुखतंय’ म्हटले तर जागा दुसऱ्याची. त्यामुळे तो मेडिकलमधून वेदनाशामक गोळी घेतो. कधी कुणाच्या सल्ल्याने सामन्याआधी इंजेक्शनही टोचून घेतो.

हे दोन कारणांनी धोक्याचे आहे. वेदना ही कोपराची शिट्टी आहे. ती दाबली की स्नायू आणि अस्थिबंध यांतले भान सुटते आणि अर्धवट फाटलेली पट्टी पूर्ण फाटते. दुसरे कारण मूत्रपिंडाचे. डायक्लोफेनॅकसारखी औषधे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. एरवी धडधाकट माणसाला एका गोळीने काही होत नाही. पण मार्चच्या नगरच्या उन्हात, दोन सामने खेळून, घामाने अंग सुकलेले आणि पाणी पुरेसे न प्यायलेले असताना तीच गोळी उपाशीपोटी घेतली, तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन तर मुळीच नको. २०२२ पासून स्पर्धेच्या काळात ग्लुकोकॉर्टिकॉइड प्रकारची सर्व इंजेक्शने उत्तेजकविरोधी नियमांत बसत नाहीत. कोपर वाचवायला घेतलेली सुई सर्टिफिकेटच घालवील.

दादा विद्यार्थीही असतो, हे संघात पुष्कळदा विसरले जाते. सत्र परीक्षा आणि स्पर्धा एकाच महिन्यात येतात. दिवसा सराव, रात्री एक-दोनपर्यंत नोट्स, पहाटे पाचला भरतीचे मैदान. साडेतीन-चार तासांची झोप. अमेरिकेतील शाळकरी खेळाडूंच्या २०१४ सालच्या एका अभ्यासात, आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याचे प्रमाण जवळपास १.७ पट दिसले. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या बास्केटबॉलपटूंना काही आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितले, तर त्यांचे धावणे जलद झाले आणि फ्री-थ्रोचा नेम ९ टक्क्यांनी सुधारला. हा प्रयोग अवघ्या अकरा जणांवरचा आहे, त्याला फार ताणू नये. पण दिवसा वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेतच, आणि फेकण्याची नवी लकबही झोपेतच मुरते, हे आता मेंदूविज्ञानात बऱ्यापैकी स्थिर झाले आहे. परीक्षेच्या पंधरवड्यात पहाटेचे मैदान सोडले तर भरतीचे फारसे बिघडत नाही. पेपर आणि कोपर दोन्ही वाचतात.

खाण्याबद्दल थोडक्यात. प्रथिनांचे महागडे डबे विकणारे मैदानाच्या दारापर्यंत पोहोचले आहेत. साठ किलोच्या खेळाडूला दिवसाला ७५ ते १०० ग्रॅम प्रथिने पुरतात. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, दोन-तीन अंडी, मूठभर शेंगदाणे, अर्धा लिटर दूध आणि वाटीभर सोयाबीनच्या वड्या यांत ती जवळपास भरून निघतात. दुधाच्या जिल्ह्यात राहून डबा घेणे म्हणजे विहिरीवर बसून बाटलीचे पाणी मागवण्यासारखे आहे. ताईसाठी एक जास्तीची गोष्ट: हिमोग्लोबिन तपासून घेणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. दम लवकर लागतो तो आळसाने असे समजून मुलीला मैदानाच्या आणखी चार फेऱ्या मारायला लावण्याआधी ही साधी तपासणी करावी. पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर तेही सरांपासून लपवले तरी डॉक्टरांपासून लपवू नये. कमी खाऊन जास्त खेळल्याचे ते लक्षण असू शकते आणि त्याने हाडे कमजोर होतात.

शेवटचा सामना झाल्यानंतरच्या महिन्यांविषयी फारसे कोणी बोलत नाही. पाच वर्षे ज्याची ओळख ‘विद्यापीठाचा पिचर’ अशी होती, तो एका संध्याकाळी कोणीच नसतो. भूक मंदावते, झोप उडते, मैदानाच्या बाजूने जाणेही नको वाटते. दोन-तीन आठवडे असे वाटणे स्वाभाविक आहे. त्याहून लांबले, किंवा जगण्याचाच कंटाळा येऊ लागला, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर कुठल्याही वेळी मोफत आणि मराठीत बोलता येते. त्याआधीच शेवटच्या वर्षात दादाच्या हाती पंचाची शिट्टी किंवा गुणलेखकाची वही दिली, तर निरोप एवढा अंगावर येत नाही. संघाचा फायदा वेगळाच. फलंदाजाच्या खांद्यावरून पुढचा चेंडू कसा मारणार हे ओळखण्याची नजर पाचव्या वर्षीच येते, आणि ती कोपरासारखी झिजत नाही.

वहीचा विषय निघालाच आहे, तर तिच्यात काय लिहायचे तेही सांगून ठेवावे. शंभर पानी साधी वही पुरते. रोज एक ओळ. तारीख. पिचर म्हणून टाकलेले चेंडू. त्याव्यतिरिक्तच्या सगळ्या जोरदार फेकी, अंग मोकळे करतानाच्या, बॅटिंगसाठी टाकलेल्या, क्रिकेटच्या, सगळ्या धरून. गोळा टाकला का, किती वेळा. रात्री किती तास झोप. कोपर आतून दुखले का, हो किंवा नाही. सुरुवातीचे काही दिवस आकडे चुकतील, कारण फेकणाऱ्याला मोजता येत नाही. बाजूला बसलेल्या राखीव खेळाडूने बोटांवर मोजावे आणि सरावानंतर सांगावे. आठवड्याच्या शेवटी बेरीज करून ती सरांना दाखवावी. या आठवड्याची बेरीज गेल्या आठवड्याच्या मानाने एकदम वाढली असेल, किंवा शेवटच्या रकान्यात दोन दिवस सलग ‘हो’ आले असेल, तर सोमवारी दादाने ग्लोव्ह घालावा, पण फेकू नये.